दोन हजारांचं पिस्तूल

इतवारीतल्या एका ओळखीच्याकडून सेकंडहँड एअर पिस्तूल घेतलं. ४.५ मिमीचं, स्प्रिंगवालं. दहा मीटरवरून छर्रा पुठ्ठ्याला टेकून खाली पडे. मित्र म्हणाला, "काहून फसला बे?"

बॅरलच्या सांध्यावर टिश्यूचा कपटा ठेवला, छर्रा भरूनच चाप ओढला (रिकामं झाडलं की पिस्टन, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर हवा दाबणारा दट्ट्या, आपटतो). कपटा हलला नाही. म्हणजे हवा तिथून गळत नव्हती. दोष आत, पिस्टनच्या चामडी वायसरचा. नागपूरच्या मे महिन्यात माणूस वाळतो, चामड्याचं काय! तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर उभं ठेवलं. पहिल्या दोन बारांना धूर आला, घाबरलोच. आता पुठ्ठा फुटतो.

नेम अजून डावीकडे जातो. त्यात पिस्तुलाचा दोष नाही, असं बायको म्हणते.