आरशातला परीट

रविवारी दुपारी जेवण अंमळ जास्तच झालं. शतपावली घालावी म्हणून खाली उतरलो, तर पार्किंगमध्ये टक्, टक्‌टक्. माझ्याच स्कूटरच्या आरशावर आमचे धोबीराव चोच आपटत होते. करडी पाठ, शेपटीखाली हळद सांडल्यासारखं पिवळं, आणि ती लांब शेपटी सारखी खाली-वर, खाली-वर. आरशातल्या धोब्याला चार टोचे मारायचे, मग तो पळाला का हे आरशामागे जाऊन बघायचं, परत येऊन पाहावं तर मेला इथंच! वीस मिनिटं हे चाललं होतं. शतपावली राहिलीच.

तो येतो सप्टेंबरात. पितृपक्षात लोक कावळ्याची वाट बघतात, मी धोब्याची. दिसला त्या दिवशी कालनिर्णयवर नोंद होते. 'सिलिंडर लावला', 'दूध २ लि.' यांच्या शेजारी 'धोबी आला' वाचून आमच्या कामाच्या मावशींनी विचारलं होतं, "इस्त्रीवाला का?" वर्ष संपलं की कॅलेंडर रद्दीत जातं, पण तेवढं एक पान मी फाडून ठेवतो. १९ सप्टेंबर, २४, १६. सरकारी पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. तोवर आमचा पाहुणा घरचा झालेला असतो.

तिकडे हिमालयात खळाळत्या ओढ्याकाठी याचं घरटं. वजन म्हणाल तर चहाच्या चार चमचे साखरेएवढं. एवढासा जीव इतका प्रवास करून उतरतो कुठे, तर गाड्या धुतलेल्या पाण्याच्या डबक्यात! पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून अभ्यास करणाऱ्यांनी पाहिलंय, की धोबी हिवाळ्यात पुन्हा त्याच ठिकाणी परततात. म्हणून हा गेल्या वर्षीचाच, असं मी धरून चालतो. बायको म्हणते, "कशावरून?" कशावरून नाही. उगाच.

वाईला घाटावर आजी धुणं घेऊन बसली, की दोन हातांवर हा हजर असायचा. आजी त्याला परीट म्हणायची. ती लुगडं आपटणार, तो शेपटी आपटणार. साबणाचा फेस कृष्णेच्या पाण्यावर लांबत जायचा आणि हा ओल्या पायरीवरून त्याच्या कडेकडेनं तुरुतुरु पळायचा. मधेच उडी मारून हवेतली चिलटं टिपायचा. माझं काम पिळ्याचं दुसरं टोक धरायचं, पण लक्ष सगळं त्याच्याकडे. टोक सुटायचं, धुणं पुन्हा पाण्यात. आजी कधी रागावली नाही, नुसती पुन्हा धुवायची.

"हा उन्हाळ्यात कुठं जातो गं?"

"माहेरी."

"मग इथं कशाला येतो?"

"इथं सासर त्याचं. बघ की, एक मिनिट बसतोय का."

हे मला पटलं होतं. मग पोराच्या जातीनं पुढचं विचारलं, "तू का नाही जात माहेरी?"

आजीनं पिळा बादलीत टाकला. "जाईन की. पाणी उतरलं की जाईन."

मला वाटलं, पुराचं पाणी. तिचं गाव धोम धरणात गेलंय हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. घाटावर ती ज्यात लुगडी बुडवायची, ते पाणी तिकडूनच सुटून यायचं.

संध्याकाळी स्कूटरच्या दोन्ही आरशांवर जुने पायमोजे चढवले. सोमवारी सकाळी खाली गेलो तर शेजाऱ्यांच्या नव्या गाडीकडून आवाज येत होता. टक्, टक्‌टक्. त्यांना अजून सांगितलेलं नाही.