तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्र सोडून बघायचं काय?

कुडाळला आमच्याकडे यायचं ठरलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे फोनवर हमखास विचारतात, "तारकर्ली झाली, देवबाग झालं. आता समुद्र सोडून बघण्यासारखं काय आहे तुमच्याकडे?" मी उलट विचारतो, "येताय कधी?" त्यांना वाटतं मी उत्तर टाळतोय. पण सिंधुदुर्गात कुठे जायचं हे तुम्ही कधी येताय यावरच ठरतं.

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास गावोगावच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हणजे रात्री दशावतार. हे नाटक तिकीट काढून सभागृहात बघू नका असं माझं स्पष्ट मत आहे. देवळासमोरचा मांड, म्हणजे खेळाची मोकळी जागा, मागे एक पडदा, पुढे एक बाक, बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. संहिता लिहिलेली नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कलाकार आपापलं तोंड स्वतः रंगवतात आणि संवाद जागच्या जागी रचत जातात. बायकांच्या भूमिका पुरुषच करतात. आधी गणपती आणि सरस्वती येतात, मग वेद पळवणारा काळ्या कपड्यांतला संकासुर मालवणीत टोले हाणतो. हल्ली हा भाग बऱ्याच ठिकाणी आवरता घेतात, त्याची मला चुटपुट लागते. मग आख्यान, राजे, राक्षस, तलवारी, रडारड. पहाट झाली की दहीकाला. साडेनऊला बसून अकराला उठणाऱ्याने न गेलेलं बरं. नाटक रंगतं ते मध्यरात्रीनंतर.

तारीख आधी सांगा म्हणाल तर तीही नेहमी सांगता येत नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो, मग मुंबईकरांची रेल्वेच्या तिकिटांसाठी धावपळ. तिथली गर्दी मात्र झेपणार असेल तरच जा.

पावसाळ्यात येत असाल तर मालवणच्या किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला तुम्हाला किनाऱ्यावरूनच बघावा लागेल. कुडोपीची कातळशिल्पंही तेव्हा नकोत. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, गवत माजतं, जांभ्यात कोरलेल्या आकृती त्याखाली जातात. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली जी कातळशिल्पं गेली त्यांत ही आहेत. दिवाळीनंतर, सकाळी नाहीतर उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उन्हात कोरीव रेषा उठून दिसतात, भर दुपारी तिथे नुसता कातळ तापतो.

पावसातही बघता येईल असं म्हणाल तर कुडाळजवळचं पिंगुळी. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या. चित्रांची थप्पी समोर ठेवायची आणि एकेक चित्र दाखवत रामायण-महाभारतातली कथा गायची, असा हा प्रकार. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात त्याचं संग्रहालय उभं केलं, त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. फोन करून जा. बाहुली नुसती खुंटीला टांगलेली बघण्यात काही राम नाही, कोणीतरी ती नाचवायला हवी.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवतात. हे गोल, हाताने रंगवलेले पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पाने, एकूण १२०. दिवसा खेळायला बसलात तर उतारी रामाची, रात्री बसलात तर कृष्णाची. खेळायला येणारी माणसं आता फार थोडी, पण कला टिकली ती इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात ती पुन्हा उभी केली म्हणून. मुलं कंटाळली तर चितारआळीत लाकडी खेळणी आणि रंगीत फळं आहेतच.

तेव्हा महिना कळवा. जत्रेच्या दिवसांत येणार असाल तर अंगावर शाल घ्या, खाली बसायला चादर घ्या, आणि आल्या-आल्या गुळाचं खाजं बांधून घ्या, मध्यरात्री भूक लागते. गाडी देवळापासून लांब लावा, नाहीतर पहाटे ती काढता येत नाही.