फ्लिप वॉफल मेकर: पावसाळ्यापर्यंतची प्रगती

मैद्याचा ताकातला वॉफल आता दोन्ही अंगांनी सारखा भाजला जातोय, भाजणीचा वॉफल घरात रुळलाय, आणि सध्या माझं सगळं लक्ष मुंबईच्या दमट हवेत वॉफलचा कुरकुरीतपणा टिकवण्यावर आहे. तिन्हींबद्दल लिहिते, पण आधी पलटी मारण्याबद्दल, कारण फ्लिप मेकर म्हणजे हँडलने अख्खं उलटं फिरवता येणारं विजेचं वॉफल मशीन.

दोन्ही प्लेट विजेवर तापतात, मग उलटायचं कशाला, असं बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांनी १८६९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरात वॉफलच्या साच्याचं पेटंट घेतलं. तो साचा चुलीवरचा, गोल कड्यात फिरणारा. आच फक्त खालून, म्हणून उलटणं भागच होतं. विजेच्या मशीनमध्ये ती गरज उरली नाही. आता पलटी मारायची ती पिठासाठी. ओतलेलं पीठ स्वतःच्या वजनाने खालच्या प्लेटच्या खाचांत बसतं, पण वरच्या प्लेटच्या खाचांपर्यंत पोचतं ते फुगल्यावरच, आणि तोवर ते निम्मं घट्ट झालेलं असतं. म्हणून एक बाजू रेखीव आणि दुसरी फिकट, गोलसर कडांची निघते. झाकण लावल्या लावल्या १८० अंश फिरवलं, की पातळ पीठ दुसऱ्या प्लेटवरही पसरतं. सगळी करामत पहिल्या काही सेकंदांतली. मिनिटाभराने फिरवलंत तर पीठ जागचं हलत नाही. मी डाव खाली ठेवायच्या आधीच मशीन फिरवते.

हेच पिठाचा दाटपणाही ठरवतं. इडलीच्या पिठापेक्षा पातळ, घावनापेक्षा घट्ट. डावातून सलग धार पडायला हवी.

माझं सध्याचं प्रमाण: मैदा ११० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ३० ग्रॅम, साखर एक मोठा चमचा, बेकिंग पावडर एक चहाचा चमचा, खायचा सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ, ताजं ताक २४० मिली, वितळवलेलं लोणी ६० ग्रॅम आणि एक अंडं. अंड्यातला पांढरा भाग वेगळा फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळते. कॉर्नफ्लोअर वगळू नका. त्यात ग्लुटेन नसतं, त्यामुळे वॉफल चिवट होत नाही आणि वरचा पापुद्रा खुसखुशीत होतो. लोणीही हात आखडून घालू नका. श्रावणात अंडं बंद, तेव्हा त्याऐवजी दोन मोठे चमचे घट्ट दही आणि एक चमचा तेल जास्त. हा वॉफल थोडा कमी हलका होतो, पण कुरकुरीत होतो.

दिव्यावर विसंबू नका. बऱ्याच मशीनमध्ये दिवा प्लेटचं तापमान सांगतो, वॉफल झाला की नाही ते नाही. खरी खूण वाफेची. सुरुवातीला कडेने भसाभसा वाफ येते, मग ती विरळ होते, मग जेमतेम एखादी रेघ उरते. तिथे मी अर्धा मिनिट आणखी थांबते. पिठातलं पाणी निघून गेल्याशिवाय पृष्ठभाग १४० अंशांच्या वर चढत नाही, आणि त्याशिवाय तो तांबूस रंग आणि भाजल्याचा वास येत नाही. झाकण उचलताना जड लागलं तर ओढू नये. वॉफल मधोमध फाटून दोन्ही प्लेटना अर्धा अर्धा चिकटतो.

आता भाजणी. थालीपिठाची घरची भाजणी, बारीक कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, ओवा. पहिल्यांदा भिजवायला घेतली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "लगेच ओतू नकोस गं. भाजलेलं पीठ आहे, सावकाश पाणी पितं." त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं. अर्धा तास ठेवलं की सैल वाटणारं पीठ चांगलंच आळतं, मग अंदाजाने पाणी वाढवायचं. तरी हे पीठ वाहत नाही, त्यामुळे इथे पलटीचा फारसा उपयोग नाही. सिलिकॉनच्या उलथन्याने कडेपर्यंत पसरायचं, दोन्ही प्लेटना ब्रशने तेल लावायचं आणि मैद्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा. पण फळ केवढं! थालीपिठाला कडेने लागणारा तो खरपूसपणा इथे प्रत्येक खाचेच्या कडेला मिळतो, आणि वर ठेवलेला लोण्याचा गोळा वितळून खाचाखाचांत थांबतो. माझ्या मते आपल्या स्वयंपाकघरात या मशीनचं सर्वांत मोठं काम हेच आहे. आंबवलेल्या डोशाच्या पिठाचेही छान होतात. रंग फिका राहतो, तेव्हा चिमूटभर साखर घालावी.

जुलैतल्या हवेने मात्र कस लागतो. वॉफल मऊ पडतो तो बाहेरच्या दमटपणाने, पण त्याहून जास्त स्वतःच्या आतल्या वाफेने. ताटात ठेवला की खालच्या बाजूला लगेच पाणी धरतं. मी स्टीलची चाळणी उपडी घालून तिच्यावर ठेवते, एकावर एक कधीच नाही. सगळ्यांनी एकत्र बसायचं असेल तर ओटीजी १०० अंशांवर, जाळीवर मोकळे. उरलेले पूर्ण गार करून फ्रीझरमध्ये, आणि काढले की थेट टोस्टरमध्ये. गरम वॉफल डब्यात बंद करू नये, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच घालू नये.

जागेचं एक सांगते, कारण आपली स्वयंपाकघरं लहान. मशीन फिरताना हँडलला बाजूला आणि वरही मोकळी जागा लागते. ओट्यावरच्या फळीखाली ते अडकतं, म्हणून विकत घेण्याआधी टेपने मापून घ्या. माझं मशीन १००० वॉटचं, साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतं. त्याच एक्स्टेंशनवर मिक्सर लावत नाही. स्प्रेच्या डब्यातलं तेल नॉनस्टिकवर मारू नका. त्याचा चिकट थर साचतो आणि घासूनही जात नाही. ब्रश, तेल, आणि नंतर कोमट असताना ओलं फडकं.

पुढचा बेत बेल्जियममधल्या लिएज शहराच्या वॉफलचा. त्याला यीस्टची कणीक आणि मोत्यांसारखी दाणेदार साखर लागते. ती साखर नसली तर साखरेचे चौकोनी तुकडे खलबत्त्यात जाडसर ठेचून चालतात. ती कणीक घट्ट, म्हणजे इथेही पलटीचा उपयोग नाहीच. पण वितळलेली साखर प्लेटवर जळेल की नीट कॅरॅमल होईल, हे बघायचंय. आधी प्लेटचं तापमान थोडं खाली ठेवून सुरुवात करणार आहे. कुणी घरच्या मशीनवर हे केलं असेल, तर साफसफाई कशी केलीत तेवढं जरूर सांगा.