भूतानसाठी बॅग भरताना

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही घरची पाच माणसे भूतानला जाऊन आलो, तेव्हापासून नात्यातल्या आणि ओळखीच्या तीन-चार कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला आहे, की तिथे थंडी किती असते. प्रश्न स्वाभाविक आहे, पण तेवढ्यावर बॅग भरता येत नाही. ऑक्टोबरातली तिथली हवा आपल्याला सहज सोसवते. कपडे निवडताना विचार करावा लागतो तो तिथल्या रीतीचा आणि एका दिवसात चढाव्या-उतराव्या लागणाऱ्या उंचीचा.

आधी रीतीविषयी लिहिते. झोंग म्हणजे किल्ल्यासारखी दणकट वास्तू, जिच्या एका भागात सरकारी कारभार चालतो आणि दुसऱ्या भागात भिक्षूंचा मठ असतो. तिथे जाताना भूतानी पुरुष गुडघ्यापर्यंतचा घो घालतात, स्त्रिया घोट्यापर्यंत किरा नेसतात, आणि पुरुष अंगावरून कबने नावाचे लांब उपरणे घेतात, ज्याच्या रंगावरून त्या माणसाचा हुद्दा कळतो. घरचे लोक इतका नेम पाळतात, तिथे पाहुण्याने पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायभर विजार घालून यावे, ही अपेक्षा मला अगदी रास्त वाटते.

थिंफूच्या ताशिछो झोंगमध्ये कामकाजाच्या दिवशी कचेऱ्या सुटल्यावर, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास, पर्यटकांना आत सोडतात. माझा भाचा दिवसभर उन्हात फिरून अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टवर दाराशी पोहोचला आणि त्याला नम्रपणे बाजूला थांबवण्यात आले. आमच्या चालकदादांनी गाडीतले स्वतःचे जाकीट काढून दिले म्हणून तो आत येऊ शकला. त्याच दारात आत्यांना कानटोपी काढायला सांगितली, आणि माझ्या गळ्यातला मफलरही मला पिशवीत ठेवावा लागला, कारण झोंगमध्ये डोके उघडे ठेवायचे असते आणि खांद्यावर-गळ्यात वस्त्र घेण्याला तिथे ठरलेला अर्थ आहे. सूर्य डोंगराआड गेलेला होता, अंगणातल्या फरसबंदीवरून गार वारा येत होता आणि आत्या दोन्ही तळहातांनी कान झाकून उभ्या होत्या.

मराठी घरात थंडीच्या गावी निघताना कानटोपी, मफलर आणि शाल या तीन वस्तू सर्वांत आधी बॅगेत पडतात. त्या जरूर न्याव्यात, हॉटेलात आणि गाडीत त्यांचा उपयोग होतो; पण झोंगमध्ये ऊब मिळायला हवी ती आतल्या कपड्यांतून. अंगाला चिकटून बसणारा पातळ थर्मल, त्यावर पूर्ण बाह्यांचा, शक्यतो कॉलरचा सदरा किंवा कुर्ता आणि सर्वांत वर चेनचे हलके जाकीट, असे थर असले की दुपारी एकेक उतरवता येतो आणि संध्याकाळी पुन्हा चढवता येतो. एकच जाडजूड स्वेटर बॅगेची निम्मी जागा खातो आणि दुपारी नकोसा होतो. स्त्रियांसाठी लांब बाह्यांचा पंजाबी ड्रेस मला सर्वांत सोयीचा वाटला.

आता उंचीविषयी. आम्ही बागडोगऱ्याला विमानाने उतरलो, तिथून गाडीने जयगाव आणि सीमेपलीकडचे फुंटशोलिंग. फुंटशोलिंग समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर आहे आणि थिंफू सुमारे 2,300 मीटरवर. मधला घाट पाच-सहा तासांचा. सकाळी घाम पुसत आम्ही सगळे सामान टपावर बांधून वर ताडपत्री ओढून घेतली, आणि दोन तासांत गाडी धुक्यात शिरली तेव्हा सगळ्यांची जाकिटे त्या ताडपत्रीखाली होती. त्यामुळे प्रत्येकाचा एक गरम कपडा हातातल्या पिशवीत असावा. त्याच पिशवीत गाडी लागण्यावरच्या गोळ्या आणि आलेपाक ठेवावा, कारण वळणे संपत नाहीत. थिंफूहून पुनाखाला जातानाही तेच होते. वाटेतली दोचुला खिंड सुमारे 3,100 मीटरवर आहे, तिथल्या 108 स्तूपांभोवती फिरताना बोटे गारठतात, आणि तासा-दीड तासात पुनाखाला उतरलो की दुपारी सुती कुर्ताही पुरतो.

पायांचा विचार लोक सर्वांत कमी करतात, म्हणून तो जरा सविस्तर लिहिते. प्रत्येक देवळात बूट बाहेर काढायचे असतात आणि आतली लाकडी किंवा दगडी जमीन विलक्षण गार असते. पहिल्या दिवशी पातळ मोज्यांवर मला नीट उभे राहवेना. पुढे आत्यांनी आपल्याजवळचे लोकरीचे मोजे काढले. देवळाच्या पायरीवर बसून त्या ते शांतपणे चढवायच्या आणि मग बुद्धमूर्तीसमोर आमच्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ हात जोडून उभ्या राहायच्या. माणशी दोन जाड जोड न्यावेत, आणि भोके पडलेले मोजे घरीच ठेवावेत.

पारोजवळच्या कड्यावरचा ताक्त्सांग मठ 1692 साली बांधला गेला आणि 1998 च्या आगीनंतर पुन्हा उभारला गेला. तो सुमारे 3,120 मीटरवर आहे, आणि तिथवरची वाट मातीची, भुसभुशीत आणि शेवटी पुष्कळ पायऱ्यांची आहे. चांगल्या पकडीचे तळवे हवेतच, पण लांब नाड्यांऐवजी पट्ट्याचे बूट असले तर आतल्या प्रत्येक देवळापाशी वाकून गाठी सोडत बसावे लागत नाही. मठात मोबाइल, कॅमेरा आणि पिशवी बाहेर जमा करावी लागते, तेव्हा पाण्याची बाटली, टोपी आणि जाकीट मावेल एवढीच छोटी पाठपिशवी घ्यावी.

कागदपत्रांबाबत एकच सांगते: आधार कार्डावर प्रवेश मिळत नाही. किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागते आणि मुलांचा जन्मदाखला जवळ असावा. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. खाण्याचे फार ओझे करू नये; भात सर्वत्र मिळतो, एमा दात्शी ही चीजमधली मिरचीची भाजी फार तिखट लागली तर मेतकुटाची एक पुडी कामाला येते.

पुढच्या वसंतात पारोचा त्सेचू पाहायला जायचे आमच्या मनात आहे. त्या उत्सवात मुखवट्यांची नृत्ये होतात आणि गावोगावचे लोक आपापला ठेवणीतला घो आणि किरा घालून, मुलाबाळांसह अंगणात जमिनीवर बसतात. आत्यांनी आतापासून सांगून ठेवले आहे, की त्या दिवशी आपणही चांगलेच नेसायचे. पैठणी प्रवासात जड होईल, म्हणून त्यांनी हलकी नारायणपेठी निवडली आहे, तिच्यावर पूर्ण बाह्यांचे पोलके शिवायला टाकले आहे, आणि आतून थर्मल मावावा म्हणून शिंप्याला दंडाजवळ अर्धा इंच सैल ठेवायला सांगितले आहे.