हिरवा चिमटा

सोमवार, १४ जुलै. रात्रीचे सव्वाबारा.

पेढा पळाला.

आज संकष्टी. चंद्रोदय दहाच्या सुमारास होता, पण जुलैत मुंबईत चंद्र दिसणार कुठे? कालनिर्णयातली वेळ बघून आईंनी ढगांनाच अर्घ्य दिलं, आरती झाली, पानं वाढली. सई काकडीची चकती घेऊन पिंजऱ्याकडे गेली आणि तिथूनच किंचाळली. माझा उपास सुटता सुटता राहिला, घास हातातच.

पिंजऱ्याचं दार दोन बोटं उघडं. खटक्याची स्प्रिंग दिवाळीपासून सैल आहे, म्हणून आम्ही दाराला कपडे वाळत घालायचा हिरवा चिमटा लावतो. तो चिमटा नव्हता. नारळाच्या करवंटीत पेढा, आमचा हॅमस्टर, दिवसभर झोपून असतो, तीही रिकामी. म्हणजे संध्याकाळी अंधार पडल्यावर जागा झाला असणार आणि निघाला असणार.

"बाबा, सकाळी पाणी तू बदललंस," सई म्हणाली.

मंदार म्हणाला, "अगं, बाटली बाहेरून निघते, मी दाराला हातसुद्धा..." आणि थांबला. त्याला स्वतःचीच खात्री वाटेना. गॅस बंद केला की नाही हे बघायला करी रोड स्टेशनवरून परत येणारा माणूस हा. पाच मिनिटांत त्याने गुन्हा कबूल करून टाकला. "लावला नसेन बहुतेक," म्हणाला. सई त्याच्याकडे पाठ करून बसली.

मी तेव्हा बोलले नाही, कारण तेव्हा मलाही माहीत नव्हतं. हे इथे नीट लिहून ठेवते. मला कळलं साडेअकराला, ओटा आवरताना. खालची ट्रॉली ओढली तर साबुदाण्याच्या पुडीच्या तोंडाला हिरवा चिमटा. सकाळी सहाला आईंच्या दुपारच्या खिचडीसाठी साबुदाणा भिजत घातला, त्याच्या आधी पेढ्याला काकडी दिली होती. दार उघडताना चिमटा हातात घेतला आणि पुढचं जे बंद करायचं समोर आलं त्याला लावून टाकला.

त्यानंतरही मी बोलले नाही. हेही लिहून ठेवते.

मंगळवार, १५ जुलै

काल रात्री आधी काय केलं असेल तर फ्रिजमागचा चिकट पुठ्ठा उचलला. पावसाळा लागला की शाफ्टमधून उंदीर आठव्या मजल्यापर्यंत चढतात, त्यासाठी आईंनी जूनमध्ये तो लावून ठेवला होता. पुठ्ठ्यावर दोन झुरळं, एक पाल आणि मंदारचा हरवलेला पेनड्राइव्ह. पेढा नव्हता. पुठ्ठा घडी घालून कचऱ्यात टाकताना माझे हात थरथरत होते.

मग मोरीच्या जाळीवर पाट, त्यावर पाण्याने भरलेली बादली. मुख्य दाराच्या फटीत ओलं पायपुसणं. शेजारच्या काकूंना रात्री अकरा वाजता बेल मारून सांगितलं, "उंदीर दिसला तर झाडू मारू नका. शेपूट आखूड असेल तर तो आमचा." त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे.

मंदारला वेगळीच धास्ती. खाली रस्त्यावर पाणी तुंबलंय, उंदरांच्या लघवीतून लेप्टो पसरतो, पेढा शाफ्टमधून त्यांच्यात गेला आणि परत आला तर? मी म्हटलं, आधी परत येऊ दे.

सई शाळेत गेली नाही. पोट दुखतंय म्हणे. दिवसभर फोनवर वाचत बसली आणि संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर माझ्यासाठी व्याख्यान तयार. हॅमस्टरची नजर अधू असते, सगळा कारभार नाकावर आणि कानांवर. उंचीचा अंदाज नसतो, टेबलावरून सरळ पाऊल टाकतो. दिवसा शोधण्यात अर्थ नाही, रात्रीच निघेल. भिंतीच्या कडेकडेनेच चालेल. आणि हे सगळं सांगून झाल्यावर अलेप्पो. १९३० साली अहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियात अलेप्पोजवळ एक शेत खणून हॅमस्टरची मादी आणि तिची पिल्लं मिळवली, जेरुसलेमला नेली. त्यातली काही तिथे पळाली, काही मेली. जी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, त्यांच्यापासून आज घरोघरचे जवळजवळ सगळे सोनेरी हॅमस्टर आले. क्रॉफर्ड मार्केटात दीड वर्षापूर्वी घेतलेला आमचा पेढासुद्धा.

"म्हणजे जे पळाले नाहीत त्यांचा हा वंश," मंदार म्हणाला. "याला कुठून सुचलं?"

सई हसली नाही. तो सोमवारपासून तिला हसवायचा प्रयत्न करतोय. आज येताना तिच्या आवडीचा दाबेलीवाला गाठून चार दाबेल्या आणल्या, त्यातली तिने एकही खाल्ली नाही. मी दोन खाल्ल्या. गिळताना जरा जड गेल्या.

रात्रीची तयारी अशी: चार खोल्या नाहीत आमच्याकडे, पण चार जागा आहेत. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, पॅसेज. प्रत्येक ठिकाणी बशीत मोजून दहा सूर्यफुलाच्या बिया. सकाळी जिथल्या कमी, तिथे पेढा. शिवाय जमिनीवर पिठाचा पातळ थर द्यायचा होता, पावलं उमटावीत म्हणून. आई ठाम नाही म्हणाल्या. "अन्न पायदळी तुडवायचं नाही या घरात." मग स्वतःच उठून रांगोळीचा डबा आणून दिला आणि चाळणीने भुरभुरवूनही दिली. पॅसेजभर इतकी एकसारखी की त्यावरून चालायला जीव होईना.

जाता जाता म्हणाल्या, "माझ्या वाती कमी भरतायत गं."

आईंनी चातुर्मासात लाखाची वात धरलीय. चार महिन्यांत एक लाख, म्हणजे रोज आठशेच्या वर. देव्हाऱ्याखाली सुपात कापूस घेऊन बसतात, शंभराची जुडी झाली की डब्यात, आणि उरलेल्या सुपात. मी म्हटलं, "मोजण्यात चुकलं असेल, आई." त्या काही बोलल्या नाहीत. चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत नोटा मोजलेल्या बाईला मी हे म्हटलं.

बुधवार, १६ जुलै. खरं तर गुरुवारची पहाट.

आज लिहायला बराच वेळ आहे, झोप येणं शक्य नाही.

बुधवारी सकाळी बशा बघितल्या. हॉल दहा, बेडरूम दहा, पॅसेज दहा, स्वयंपाकघर शून्य. आणि रांगोळीवर पावलं. इतकी बारीक की आधी मला ती रांगोळीतलीच नक्षी वाटली. पुढची चार बोटांची, मागची पाच बोटांची, मोहरीने टिंबं काढावीत तशी. स्वयंपाकघरातून निघून, भिंतीला घासत, पॅसेजमधून थेट देव्हाऱ्यापर्यंत. तिथून परत. परतीच्या वाटेवर पावलांच्या मधोमध एक पुसट रेघ, काहीतरी ओढत नेल्यासारखी.

आई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "गौरी यायला अजून दीड महिना आहे," म्हणाल्या. मग खाली वाकून सुपातला कापूस बोटाने चाचपला. "मी चुकले नव्हते."

वाती! हॅमस्टर घरटं बांधताना मऊ सापडेल ते नेतो. बाकी सगळं सोडून गेले दोन दिवस त्याने देवाच्या वाती पळवल्या होत्या. सईचा चेहरा आधी फुलला आणि लगेच पडला. कापूस वाईट असतो म्हणे त्यांना. तंतू पायाला गुंडाळले जातात, पोटात गेले तर आतडं अडतं.

म्हणून आज रात्री जागायचं ठरलं. सईने स्वयंपाकघरात बादली ठेवली, बाहेरून पुस्तकांच्या पायऱ्या, आत तळाला जुना टॉवेल आणि भाजलेले शेंगदाणे. वर चढेल, वासाने आत उडी मारेल, बाहेर येता येणार नाही. पुस्तकं तिच्या सहावीच्या वर्षाची. इतिहासाचं सगळ्यात खाली, का ते विचारलं नाही.

दिवे बंद केले. फ्रिजही बंद केला, त्याची घरघर मध्ये येत होती. एकला सई सोफ्यावर झोपून गेली. मंदार जमिनीवर बसल्या बसल्या घोरायला लागला, त्याला उशी टेकवून गप्प केलं. मी आणि आई स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी, पाटांवर. शेवटची कर्जत लोकल केव्हाच गेली होती. एरवी या वेळी पेढ्याचं चाक चालू असतं, करकर करकर. दीड वर्ष त्या आवाजाला मी शिव्या घातल्या आहेत. खाली गल्लीत टॉर्चचा झोत फिरला आणि काठी आपटल्याचा आवाज आला. महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक. एका माणसाला एका रात्रीत तीस उंदरांचं काम असतं. या शहरात उंदरासाठी जागणारी माणसं आहेत, पण ती आमच्यासारखी शेंगदाणे घेऊन बसत नाहीत.

पावणेतीनला आवाज आला. कुर्र. थांबून परत कुर्र. बादलीतून नाही. खालच्या ट्रॉलीतून.

आईंनी माझ्या मनगटाला धरलं. मी ट्रॉली हळू ओढली, पूर्ण बाहेर काढून जमिनीवर ठेवली. मागच्या रिकाम्या जागेत फोनचा प्रकाश टाकला. कोपऱ्यात पांढरा गोळा, फुटबॉलच्या अर्ध्याएवढा. वाती, वाती आणि वाती. मधेच सईच्या शाळेच्या मोज्याचा तुकडा, वर्तमानपत्राच्या चिंध्या. कडेला कोठार: सूर्यफुलाच्या बिया, तुरीची डाळ, आणि साबुदाणा, ढीगभर. मी ट्रॉलीतली पुडी उचलली तर खालून साबुदाणा सांडला. तळाला अंगठ्याएवढं भोक. वरून चिमटा लावून मी तोंड बंद केलं होतं, त्याने खालून उघडलं.

तेवढ्यात गोळ्यातून पेढ्याचं नाक बाहेर आलं. दोन्ही गाल खांद्यापर्यंत फुगलेले, त्यामुळे चेहरा भाजीवाल्याच्या गोणीसारखा. हाताने पकडू नको, सईने बजावलं होतं, घाबरला की चावतो. मी त्याच्यासमोर पोह्यांचा रिकामा डबा आडवा ठेवला, आत काकडी. मिशा हलवत त्याने डब्याच्या कडेचा वास घेतला, माझ्या बोटांचा घेतला आणि आपल्याच घरात शिरावं तसा आत गेला. तीन दिवसांची धावपळ आणि शेवट असा.

सईला उठवलं. ती रडली वगैरे नाही, सरळ डब्यात बघून म्हणाली, "मागचा डावा पाय." वातीचा तंतू घोट्याभोवती तीन-चार वेढे बसला होता आणि पाऊल किंचित सुजलं होतं. मंदारने त्याला टॉवेलात धरलं, सईने नखं कापायच्या छोट्या कात्रीचं टोक तंतूखाली सरकवलं. मी दिवा धरला होता, पण बघत नव्हते. "झालं," ती म्हणाली. पेढ्याने टॉवेलावरच गाल रिकामे केले. आईंनी साबुदाण्याचे दाणे मोजले. एकवीस.

गुरुवार, १७ जुलै

प्राण्यांच्या डॉक्टरांनी पाय बघितला, सूज उतरेल म्हणाले. कापूस खाल्ला असेल तर लेंड्या होतायत का यावर दोन दिवस लक्ष ठेवायचं. होतायत. सई दर तासाला जाहीर करते.

संध्याकाळी घरी आले तेव्हा साबुदाणा स्टीलच्या डब्यात भरलेला होता, पुडी गायब आणि हिरवा चिमटा पिंजऱ्याच्या दाराला. मंदार ऑफिसात होता, सई क्लासला. आई सुपाशी बसल्या होत्या.

"घरट्यातल्या वाती फेकल्या," म्हणाल्या. "तीनशे बारा होत्या. त्या धरायच्या नाहीत, नव्या करायला लागतील." मग कापसाचा पेळू माझ्याकडे सरकवला. "बस. निम्म्या तू कर."

निम्म्याच का, हे मी विचारलं नाही. बसले. माझ्या वाती जाड येतात. त्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या.

सहा-सात जमल्या असतील तेवढ्यात मंदार आणि सई एकत्रच आले. सई चपला काढतानाच म्हणाली, "बाबा, आज तरी चिमटा बघून लाव हं." मंदार निमूट "हो" म्हणाला, आणि मला ते ऐकवेना. हातातली वात तशीच धरून सगळं सांगून टाकलं. सोमवारची सकाळ, पुडी, साडेअकरा, सगळं.

सई माझ्याकडे बघत राहिली. मंदार आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे चार दिवस मी..." दाबेल्यांचे पैसे, सोमवारी रात्री सोफ्याखाली आडवं पडून धरलेली पाठ, बॉसला सांगितलेलं खोटं कारण, एकेक मुद्दा काढत तो जेवण होईपर्यंत बोलत होता. आई मान खाली घालून वाती वळत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

शेवटी तडजोड झाली. येत्या रविवारी गटारीच्या मटणाच्या रांगेत मी उभं राहायचं. सकाळी सहापासून. आणि मागचा पाय मिळाल्याशिवाय घरी यायचं नाही.