फुल्ल करून आणलेला फोन

माझ्या टेबलाखाली वाळूची एक बादली असते. नवी पेठेत हे मोबाइल दुरुस्तीचं वीतभर दुकान टाकलं तेव्हा, ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांनी बजावलं होतं : बाकीची हत्यारं हळूहळू घे, आधी वाळू आणून ठेव. आणून ठेवली. पुढे कित्येक वर्षं तिचा उपयोग एवढाच झाला, की गिऱ्हाइकं तिच्यात गुटख्याच्या पुड्या खोचायची. पाय अडखळतो म्हणून ती बाहेर टाकून द्यायचंही एक-दोनदा मनात आलं होतं.

तो दिवस मे महिन्यातला. पारा 43 च्या आसपास. अशा दुपारी सोलापुरात रस्त्यावर दिसतो तो एक तर रिक्षावाला, नाही तर रिक्षा शोधणारा. अण्णा आले. पूर्वभागातले, घरात तेलुगू, बाहेर आमची सोलापुरी. हातात ओल्या रुमालात गुंडाळलेला फोन.

"मालक, ह्ये बघा की. चाळीस टक्के दाखवूलालाय आन् कॉल लावला की बंद पडूलालाय. आन् त्येला पोट आलंय."

पोट आलंच होतं. मागचं झाकण एका बाजूने इतकं उचललं होतं की फटीत दहाचं नाणं गेलं असतं. फोन तीन वर्षांचा. दिवसभर रिक्षाच्या काचेला स्टँडवर, समोरून ऊन, खालून चार्जरची वायर, पडद्यावर नकाशा चालू. रात्री घरी गेल्यावर अण्णा तो माठाला टेकवून ठेवायचे, थंड व्हावा म्हणून.

चाळीस टक्क्यांवर फोन का मरतो, हे मी दिवसातून चार वेळा समजावतो. सोलापूरच्या माणसाला पाण्याच्या भाषेत सांगितलं की लगेच कळतं, कारण आपल्याकडे नळ रोज येत नाही आणि प्रत्येकाच्या गच्चीवर टाकी आहे. अण्णांनाही तेच सांगितलं. टाकीत पाणी आहे, पण पाइप आतून क्षाराने चोंदलाय. एक नळ सोडला तर धार येते. कॉल, नकाशा, कॅमेरा असे तीन नळ एकदम सोडले की धारच तुटते. बॅटरी म्हातारी झाली की तिचा आतला अडथळा वाढतो. फोनने जास्त करंट मागितला की व्होल्टेज झपकन खाली येतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. आयफोनवाल्या कंपनीने याच कारणासाठी जुने फोन गुपचूप हळू केले होते. 2017 च्या शेवटी ते उघडकीला आलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला! अण्णांच्या साध्या फोनला तेवढीही अक्कल नव्हती, तो सरळ डोळे मिटायचा.

"आन् पोट?"

ते उन्हाचं. या बॅटरीला माणसाला सोसेल तेवढंच तापमान सोसतं, पस्तीसच्या पुढे तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. त्यात ती सतत शंभर टक्क्यांवर ताणून धरलेली. आतलं रसायन कुजतं, त्याचा वायू होतो. चांदीसारख्या पाकिटात सगळं सीलबंद, वायूने जायचं कुठे?

"कोपऱ्यावरचा चहावाला म्हणला, टाचणी मारा, हवा निघून जातीय."

मी मोठ्याने हसलो. चहावाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. टाचणी मारली तर हात जळेल, घर जळेल, असं छान भाषण दिलं. अण्णा मान डोलावत ऐकत होते.

मग म्हणाले, "फुल्ल चार्ज करून आणलो बघा. तुमाला चेक करायला बरं."

"बरं केलंत," मी म्हणालो.

हे दोन शब्द मला अजून टोचतात. फुगलेली बॅटरी उघडण्याआधी रिकामी करायची, निदान पंचवीस टक्क्यांच्या खाली आणायची, हा धंद्यातला पहिला धडा. रिकाम्या बॅटरीत जोर नसतो. भरलेलीला धक्का लागला तर ती सगळं एकदम ओकते. मला हे ठाऊक होतं. पण अण्णांना चारच्या गाडीचं भाडं होतं, स्टेशन गाठायचं होतं, आणि मला घरून आणलेली भाकरी खायची होती.

सिम काढून त्यांच्या हातात दिलं, ही एक सवय चांगली. झाकण निघालं. बॅटरीची पट्टी बोर्डावरून सोडवली. बॅटरी खाली डिंकाने चिकटवलेली. हा डिंक कुणी शोधला त्याला एकदा मे महिन्यात माझ्या स्टुलावर बसवायला पाहिजे. युरोपात फेब्रुवारी 2027 पासून, काही अपवाद सोडले तर, गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने बॅटरी काढता येईल असेच फोन विकावे लागणार आहेत. आपल्याकडे तोवर अल्कोहोलचे थेंब सोडा, थांबा, प्लॅस्टिकचं कार्ड हळूहळू सरकवा. मी थेंब सोडले. थांबलो नाही. कार्ड वाकायला लागलं म्हणून स्टीलची पट्टी घेतली.

आधी वास आला. गोडसर, नेलपॉलिशसारखा. पट्टी बॅटरीच्या एका कोपऱ्यात रुतली होती. मग सुस्स आवाज आणि पांढरा धूर, आणि मी "अण्णा, बाहेर!" ओरडेपर्यंत जाळ. फोन चिमट्याने उचलला की हाताने, ते आठवत नाही. दोन बोटांना फोड आले त्यावरून हातानेच उचलला असावा. बादलीत टाकला. अण्णा बाहेर गेले नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी वाळू वर लोटली. पुड्यांचे कागद पेटले, ते वेगळेच. मग दोघेही पळालो, कारण तो धूर विषारी असतो.

समोरच्या कापडवाल्याच्या ओट्यावर खोकत बसलो. शेजारच्या दुकानातली पोरं मोबाइल काढून शूटिंग करत होती. अण्णांनी तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं.

"टाचणीच मारलात की, मालक!"

मला हसू येईना, त्यांना आवरेना.

फोनचे पैसे मी भरले, तो प्रश्नच नव्हता. दुरुस्त करून ठेवलेला एक जुना फोन त्यांना दिला, त्यात नवी बॅटरी घातली, कॉपी नाही, चांगली. त्यांची नेहमीची गिऱ्हाइकं, स्टेशनवरची, शाळेच्या पोरांच्या आया, सगळ्यांचे नंबर रिक्षात एका वहीत लिहिलेले होते. मला उगाच वाटलं होतं की माणसाची दुनिया जाळली. स्टँड काचेवरून काढून खाली सावलीत लावा, सगळा वेळ वायर लावून ठेवू नका, ऐंशीच्या पुढे कशाला नेता, हे सांगितलं. पण त्या दिवशी माझा उपदेश ऐकायची सक्ती कुणावर नव्हती.

जूनच्या मध्याला, पाऊस नुकता लागलेला, अण्णा दुसऱ्या एका रिक्षावाल्याला घेऊन आले. त्याच्याही फोनला पोट. मी बादली पायाने पुढे ओढली आणि विचारलं, चार्जिंग किती?

अण्णांनीच उत्तर दिलं. "अठरा टक्के. अक्कलकोट रोडपासनं टॉर्च आन् व्हिडिओ चालू ठेवायला लावलो याला."