63 पैकी 41 : कॅसेटी उतरवण्याच्या कामाची नोंद, आणि ते 11 सेकंद

मागच्या नोंदीनंतर तीन महिने गेले. 63 कॅसेटींपैकी 41 संगणकावर उतरवून झाल्या. चार तूर्त बाजूला ठेवल्यात. दोघींची पट्टी आतल्या आत चिकटलीय, एकीचं रिळ जागचं हलत नाही आणि एकीला बुरशी आहे. बुरशी लागलेली कॅसेट चांगल्या डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रात, कधीच घालू नका. ती बुरशी आवाज वाचणाऱ्या हेडवर आणि रबरी रोलरवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते. मी ती झिपच्या पिशवीत वेगळी बांधून ठेवलीय.

डेकचा बेल्ट बदलला. हेड, कॅपस्टन (पट्टी ओढणारा दांडा) आणि पिंच रोलर (तोच रबरी रोलर) दर तीन कॅसेटींनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसतो. रोलरला अल्कोहोल अगदी थोडं लावायचं, रबर कडक होतं. उतरवताना 48 किलोहर्ट्झ, 24 बिट ठेवलंय, म्हणजे तासाभराच्या रेकॉर्डिंगला साधारण एक जीबी जागा लागते. आवाजाचा काटा उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देत नाही. या गोष्टी तुम्हाला ठाऊकच आहेत, म्हणून इथंच सोडतो.

विकतच्या 22 कॅसेटींबद्दलही फार लिहिण्यासारखं नाही. भीमगीतं, कव्वालीचे मुकाबले, भारुडं, हिंदी सिनेमाची गाणी. यातलं बरंचसं आता फोनवर मिळतं आणि माझ्या कॅसेटीपेक्षा स्वच्छ मिळतं. त्यातली एक मात्र 1995 च्या विधानसभेच्या प्रचाराची आहे, युतीचं सरकार आलं त्या निवडणुकीची. परभणीत रिक्षावर कर्णे बांधून वाजवायची. एका बाजूला एका उमेदवाराचं गाणं, दुसऱ्या बाजूला त्याच्या विरोधकाचं, आणि दोन्ही एकाच सिनेमाच्या चालीवर. रिक्षावाल्यानं सकाळी एक बाजू वाजवली असेल, दुपारी दुसरी. अशी कॅसेट कुठल्याच कंपनीनं काढलेली नसते, म्हणून ती मी विकतच्यात मोजत असलो तरी जपतो घरच्यासारखीच.

आता खरा विषय. घरी भरलेल्या कॅसेटी.

आमचा चौघांचा कट्टा होता. मी, मास्तर (तेव्हा मास्तर नव्हता, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता), पूर्णेकर, आणि चौथा जो आता पुण्यात आहे. पूर्णेकराचे वडील रेल्वेत होते, तो पूर्ण्याहून गाडीनं कॉलेजला यायचा आणि गाडी हुकली की आमच्याकडंच मुक्काम. ढोलकी त्याची, पेटी माझ्या आजोबांची, गळा मास्तरचा. टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र, पुण्यातल्या मित्राच्या काकांचा. आम्ही गाणी भरायचो आणि गाणं संपल्यावर बटण दाबायचं कुणाच्या लक्षात राहायचं नाही. त्यामुळं 90 मिनिटांच्या कॅसेटीत गाणी असतात 30-35 मिनिटं. बाकी सगळ्या गप्पा.

पहिल्या आठ-दहा कॅसेटींच्या वेळी मी काय केलं? गाणी कापून घेतली, गप्पा टाकून दिल्या. नशीब, मूळ कॅसेटी होत्या, त्या परत उतरवल्या. या छंदात नवीन असाल तर एवढं ऐका: पहिली फाइल अखंड ठेवा, खाट्कन बटण दाबल्याच्या आवाजापासून शेवटच्या खर्रर्रपर्यंत. कापायचं ते प्रतीवर कापा.

सध्या ज्या कॅसेटीवर आहे तिच्यावर निळ्या शाईनं फक्त "मिक्स" लिहिलंय. तारीख नाही. कवचाला स्क्रू नाहीत, चिकटवलेलं आहे, आणि हेडला पट्टी दाबून धरणारी फेल्टची गादी गळून पडली होती. ब्लेडनं शिवण उघडली, दोन्ही रिळं स्क्रूवाल्या रिकाम्या कवचात बसवली. 90 ची पट्टी 60 वालीपेक्षा पातळ असते, हाताचा घाम लागला तरी सुरकुतते. पाऊण तास गेला. मग हेडशेजारचा छोटा स्क्रू फिरवत फिरवत आवाज उजळ करून घेतला. घरगुती टू-इन-वनचं हेड थोडं तिरकं असायचंच, त्या तिरकेपणाला आपलं हेड जुळवावं लागतं. आवाज बोथट होता तो हळूहळू वर आला आणि पेटीच्या भात्याची फुसफूस ऐकू आली. आजोबांच्या पेटीच्या भात्याला उजव्या कोपऱ्यात चीर होती, तिचीच ती फुसफूस.

ती पेटी अजून घरात आहे आणि तिचा मोठाच उपयोग झाला. कॅसेटीतलं गाणं काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठंतरी वाजत होतं. मास्तर तर कायम काळी एकमध्ये गायचा. भरताना सेल उतरलेले असणार, मोटार हळू फिरली असणार, म्हणून आता नीट गतीला लावल्यावर सगळं चढं आणि घाईत वाटतं. पेटीची काळी एक वाजवून फाइलची गती साधारण 3 टक्क्यांनी कमी केली आणि मास्तर मास्तरसारखा गायला लागला. तुमच्या रेकॉर्डिंगमधलं एखादं वाद्य अजून हाताशी असेल तर त्याच्याइतकं खात्रीचं माप दुसरं नाही. पेटीच्या आतल्या, स्वर देणाऱ्या धातूच्या पत्त्या इतक्या वर्षांत थोड्या उतरल्या असतील, पण अर्ध्या स्वराइतक्या नाही.

आता तारीख. साइड एवर चौदा मिनिटं माधुरी का श्रीदेवी हा वाद आहे, त्यातून साल काढायला गेलं तर पाच वर्षं इकडंतिकडं होतील. त्यानंतर प्रल्हाद शिंद्यांचा गळा मोठा का वामनदादा कर्डकांचे शब्द, हा वाद. (दोघंही 2004 सालीच गेले. तेव्हा आम्ही त्यांच्याबद्दल कायमचे असणारे म्हणून बोलायचो.) तारीख सापडली ती पुण्याच्या मित्राच्या एका वाक्यात: "आणखी एक विकेट, बस, एकच." कपिल देवनं रिचर्ड हॅडलीच्या 431 बळींची बरोबरी जानेवारी 1994 च्या शेवटी बंगळूरच्या कसोटीत केली आणि 432 वा बळी 8 फेब्रुवारीला अहमदाबादला घेतला. म्हणजे कॅसेट त्या मधल्या आठवड्यातली. आणि मागं दूरवर कव्वाली ऐकू येते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला परभणीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो. दोन्ही गोष्टी जुळल्या.

त्या आठवड्याच्या आधी तीनच आठवडे, 14 जानेवारी 1994 ला, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव लागलं होतं. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला 27 जुलै 1978 ला, त्यानंतर गावंच्या गावं पेटली आणि नाव लागायला साडेपंधरा वर्षं गेली. नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी त्यासाठी आत्मदहन केलं होतं. पूर्णेकर त्या वेळी महिनाभर कॉलेजला आला नव्हता. आम्ही कारण विचारलं नव्हतं.

साइड बी, बाविसावं मिनिट. पदवीच्या कागदावर आता कुठलं नाव येणार यावर बोलणं चाललंय. मास्तर म्हणतो, "नाव बदलल्यानं कुणाचं पोट भरायलंय? उगं दंगली." त्याच्या घरात, त्याच्या गल्लीत तेव्हा सगळे हेच म्हणत. त्यानंतर 11 सेकंद कुणी बोलत नाही. मग ढोलकीवर एक थाप पडते, दुसरी पडते, आणि गाणं सुरू होतं.

ऑडासिटीत, म्हणजे मी आवाज कापायला वापरतो त्या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये, रिकाम्या जागा आपोआप गाळायची सोय आहे. पहिल्या कॅसेटींना मी ती सरसकट लावत होतो. इथं लावली असती तर ते 11 सेकंद एका झटक्यात गेले असते. मास्तरच्या वाक्याला लागून लगेच ढोलकी आली असती, जणू पूर्णेकरानं मान डोलवून ठेका धरला. जे घडलं त्याच्या नेमकं उलट ऐकू आलं असतं. तेव्हापासून ती सोय मी वापरत नाही. खर्रर्र कमी करायचा फिल्टरही या जागेवर लावला नाही, कारण मागची कव्वाली त्या खर्रर्रच्याच पातळीवर आहे आणि त्याच्यासोबत पुसून जाते.

रविवारी मास्तर आणि पूर्णेकर दोघांना घरी बोलावलं आणि सांगून ऐकवलं. हेडफोन नाही, स्पीकरवर. माधुरीवाल्या वादाला दोघं खूप हसले. बाविसावं मिनिट आलं तेव्हा मास्तरनं मान वर केली.

"हे मी म्हनलो?"

मी होय म्हटलं.

"परत लाव."

परत लावलं. मग तो म्हणाला, हे काढून टाक, माझी पोरं ऐकतील. मी काही बोलायच्या आत पूर्णेकर म्हणाला, "काहून काढायलास? मी बी हाव ना त्याच्यात. गप बसलेला का असंना, मीच हाव."

मास्तर बराच वेळ चहाच्या कपाकडं बघत बसला. "तवा बोलला का नाहीस?" असं विचारलं त्यानं. पूर्णेकर म्हणाला, "गाडी हुकली होती. रात्री तुमच्यातच झोपायचं होतं."

पुढं दोघं काय बोलले ते इथं लिहीत नाही. ते कॅसेटीवर नव्हतं.

मला मात्र एक नियम ठरवावा लागला, आणि घरगुती रेकॉर्डिंगवर काम करणाऱ्या प्रत्येकानं तो ठरवावा असं मला मनापासून वाटतं. अखंड फाइल दोन ठिकाणी जपून ठेवायची, तिच्यातलं काही पुसायचं नाही. पण ती फाइल माझ्या एकट्याची नाही. ज्यांचे आवाज आहेत त्यांना आधी ऐकवायचं आणि त्यातल्या एकानं नाही म्हटलं तर प्रत बाहेर द्यायची नाही. गाण्यांच्या प्रती खुशाल वाटा. गप्पांची प्रत विचारून. पुण्याच्या मित्राला अजून ऐकवायची आहे, फोनवर नको, दिवाळीत आल्यावर.

पुढच्या रविवारी मास्तर आला तो बुटाचं खोकं घेऊन. नऊ कॅसेटी, त्याच्या घरच्या. आईच्या जात्यावरच्या ओव्या असलेली एक, लग्नाची एक, बाकीच्यांवर काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे आकडा आता 72 झाला. खोक्याच्या तळाशी त्याची पदवीही होती, प्लास्टिकच्या आवरणात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, 1994. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं आणि परभणीची कॉलेजं तिकडं गेली, त्यामुळं आमच्या मागच्या पोरांच्या कागदावर नांदेड आहे. मी पदवी परत त्याच्या हातात द्यायला लागलो तर म्हणाला, राहू दे, त्या कॅसेटीचा आणि हिचा एकत्र फोटो काढ. काढला. फाइलीसोबत ठेवलाय.

आता अडलंय ते कव्वालीवर. त्या 11 सेकंदांचा आवाज वाढवून, खालचे आणि वरचे स्वर कमी करून ऐकतोय. गाणाऱ्याचे शब्द लागत नाहीत, फक्त टाळ्यांचा ठेका आणि एक लांबलेली तान. उरुसात त्या काळी माइकसेट लावणारे एक चाचा दर्ग्याच्या रस्त्याला अजून राहतात. त्यांना जाऊन ऐकवलं. त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला, चार वेळा ऐकलं आणि म्हणाले, "कर्णा आमचाच आहे, गाणारा कोण ते घरी बसून ऐकावं लागेल." त्यांच्याकडं ऐकायला काही नाही, म्हणून शुक्रवारी नमाजनंतर ते माझ्याकडं येणार आहेत.